सामरवरणीत नेमकं काय विकलं जायचं?

मंडळी, आपल्या पानावर सिल्वाशाच्या आठवणी पुष्कळ येतात. दादऱ्याची वनगंगा बाग, दूधनीचं पाणी, खानवेलचा रस्ता, रात्री दुरून ऐकू येणारा तारपा. वाचायला बरं वाटतं. पण आपण बाहेरून येऊन इथे जगलो कशावर, पैसा यायचा कुठून आणि जायचा कुठे, यावर कुणी लिहिलेलं मला तरी दिसलं नाही. माझं शिक्षण बी.कॉम., आणि अर्धं आयुष्य गेलं मसाट-सामरवरणीकडच्या कारखान्यांची खाती लिहिण्यात. तेव्हा म्हटलं, आपणच बसावं. लांबलंय, चहा घेऊन वाचा.

सुरुवात थेट पेशवाईपासून करावी लागेल, कारण हा प्रदेश एका नुकसानभरपाईतून तयार झालाय. १७७२ साली मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगीजांच्या सांताना नावाच्या जहाजाचं नुकसान केलं. त्याची भरपाई म्हणून १७७९ च्या तहात पेशव्यांनी बारा हजार रुपये वसुलाचा मुलूख द्यायचं कबूल केलं. १७८३ मध्ये नगरहवेली पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली आणि दोन वर्षांनी दादरा त्यांनी विकत घेतलं. इथल्या वारली, कोकणा, धोडिया माणसाला कुणी विचारलं नसणार, ते सोडाच. पुण्याच्या वहीत खर्ची पडलं, गोव्याच्या वहीत जमा झालं आणि नकाशावर एक रेघ उमटली. ही रेघ तेवढी लक्षात ठेवा.

१९५४ च्या लढ्याबद्दल इथे पूर्वी चांगले लेख आलेत. २२ जुलैला दादरा, २ ऑगस्टला सिल्वासा, सुधीर फडक्यांचा त्यातला सहभाग, हे सगळं आपल्याला माहीत आहे. मी एवढंच सांगतो की पोर्तुगीज गेले तरी रेघ राहिली. सात वर्षं वरिष्ठ पंचायतीने कारभार केला, ऑगस्ट १९६१ मध्ये भारतात विलीनीकरण झालं, पण प्रदेश महाराष्ट्रात गेला नाही की गुजरातेत गेला नाही. केंद्रशासित राहिला. त्या वर्षीच्या शिरगणतीत लोकसंख्या ५७,९६३. आज मुंबईत तेवढी माणसं एका वॉर्डाच्या कोपऱ्यात सापडतील. कारखाना एकही नाही. भात, नागली, जंगलाचं काम, गवत कापणं, आणि बरीचशी जमीन थोड्या खातेदारांच्या हातात. १९७१ च्या जमीनसुधारणा कायद्यानंतर बऱ्याच आदिवासी कुटुंबांना स्वतःची जमीन मिळाली. त्या जमिनीचं पुढे काय झालं ते नंतर सांगतो, खरी गोष्ट तिथेच आहे.

कारखान्यांची सुरुवात अगदी हळू झाली. १९६७-६८ च्या सुमारास पिपरियाला दानउद्योग सहकारी संघाची वसाहत झाली. मग सरकारी वसाहती आल्या: १९७८ ला सिल्वासा, १९८२ ला मसाट, १९८५ ला खडोली. सामरवरणी पडलं सिल्वासा आणि मसाटच्या मधे, खानवेलला जाणाऱ्या रस्त्यावर. गावाने काही केलं नाही. रस्ता त्याच्या दारातून जात होता, एवढंच त्याचं कर्तृत्व.

आता आमच्या घरचं थोडं. बाबा लालबागला एका गिरणीत बदली कामगार होते. बदली म्हणजे रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कुणी कायमचा कामगार आला नाही तर आत बोलवायचे, नाहीतर परत घरी. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. बाबांचं म्हणणं असायचं, कायमच्यांना निदान काहीतरी गमावायला होतं, आमचं तर गेटावरचं उभं राहणंच गेलं. पुढची काही वर्षं भिवंडीत मागावर काढली आणि १९९१ मध्ये एका ओळखीच्या फिटरने त्यांना इथे आणलं. आम्ही वर्षभराने आलो.

गिरणीचं काम सामरवरणीला आलं असं पुष्कळ जण म्हणतात. ते तितकं खरं नाही. मुंबईत सुती कापड व्हायचं, इथे आलं पॉलिस्टर. १९८५ च्या कापड धोरणाने सुती आणि कृत्रिम धाग्यातला भेद कमी केला आणि पॉलिस्टरला दारं उघडली. मोठ्या कंपन्या अर्धवट ताणलेला धागा काढायच्या, ज्याला सगळे पीओवाय म्हणतात. तो टेक्श्चरायझिंगच्या मशीनवर चढवायचा, तापवायचा, ताणायचा, पीळ द्यायचा, की त्याला फुगीरपणा येतो आणि साडीचं किंवा सूटिंगचं सूत होतं. एका मशीनवर दोनशेच्या वर धागे एका वेळी पळतात. तुटला की ऑपरेटरने सक्शन गन घेऊन धावायचं आणि पुन्हा ओवायचा. खोलीत उकाडा, तेलाचा वास आणि असा आवाज की बाबा घरी आल्यावरही मोठ्याने बोलायचे. आई म्हणायची, अहो, मी शेजारी बसलेय.

गंमत बघा. आईच्या रोजच्या वापराच्या साड्या पॉलिस्टरच्या, कारण सुती परवडायची नाही आणि इस्त्रीही मागायची. म्हणजे ज्या धाग्याने सासऱ्यांची गिरणी मागे पडली, तोच धागा नवरा ओवत होता आणि तोच ती नेसत होती.

मी कॉलेजात असताना मला एक प्रश्न पडायचा. धागा येतो गुजरातेतून नाहीतर पाताळगंगेहून. मशीन सुरतेचं नाहीतर परदेशी. शेठ मुंबईचा. ऑपरेटर बिहार, यूपी, ओडिशा, खानदेश, कोकणातला. तयार सूत जातं सुरत आणि भिवंडीला. मग ट्रक मधेच वापीला वळून सिल्वाशात शिरतो कशाला? वापीला तर स्टेशन आहे, हायवे आहे. इथे तेही नाही. वीज स्वस्त आणि न जाणारी होती हे एक कारण, कारण मशीनचे हीटर सतत चालू लागतात आणि पाच सेकंद वीज गेली तरी दोनशे धागे तुटतात. पण तेवढ्याने एवढे कारखाने येत नाहीत.

उत्तर मला पहिल्या नोकरीत मिळालं, साहेबांनी समोर टाकलेल्या फायलीत. इथे विकला जात होता पत्ता. रेघेच्या आतला पत्ता.

साध्या हिशेबाने सांगतो. समजा भिवंडीच्या व्यापाऱ्याला शंभर रुपयांचं सूत हवंय. ते दुसऱ्या राज्यातल्या नेहमीच्या कारखान्यातून घेतलं तर सी-फॉर्मवर चार टक्के केंद्रीय विक्रीकर, म्हणजे १०४ रुपये. सिल्वाशातल्या नव्या कारखान्याला विक्रीकरातून १५ वर्षांची सूट. तो १०२ ला विकतो. व्यापाऱ्याचे दोन वाचले, शेठला दोन जास्त मिळाले. सरकारचे चार गेले. शंभराच्या धंद्यात जिथे दोन-तीन रुपये सुटतात, तिथे हे दोन म्हणजे नफा जवळजवळ दुप्पट. त्यावर आणखी प्राप्तिकर. १९९३ पासून मागास राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांच्या यादीत आपण होतो, पुढे कलम ८०-आयबी म्हणून ते प्रसिद्ध झालं. पहिली पाच वर्षं नफ्यावरचा पूर्ण कर माफ, पुढची पाच वर्षं कंपनीला तीस टक्के नफ्यावर सूट. ३१ मार्च २००४ च्या आत उत्पादन सुरू केलं तर. त्या मार्चमध्ये आमच्या ऑफिसात रात्री दहा-दहापर्यंत दिवे असायचे, कारण प्रत्येकाला निदान एक तरी गोण भरून बिल फाडायचं होतं.

त्याच कलमात एक अट होती, आणि मला ती आजही आठवते. विजेवर चालणारा कारखाना असेल तर किमान दहा कामगार. बस. सूट नफ्यावर होती, रोजगारावर नव्हती. शंभर लोक ठेवले म्हणून जास्त सूट नाही, दहा ठेवले म्हणून कमी नाही. पगार किती द्यायचा याबद्दल त्या कलमात अक्षर नाही. आता तुम्हीच शेठ असता तर काय केलं असतं? पैसा मशीनमध्ये घातला असता. तेच झालं. कुणा एका शेठला दुष्ट ठरवून यातलं काही कळत नाही. मी ज्यांच्याकडे काम केलं ते बहुतेक भले लोक होते, दिवाळीला मिठाई द्यायचे, मुलीच्या लग्नाला उचल द्यायचे. कलम जसं होतं तसं ते वागले. (एकाच शेठचे दोन कारखाने असले, तर नफा सिल्वाशाच्या खात्यात आणि खर्च दुसरीकडच्या खात्यात दाखवायचा मोह व्हायचाच. त्याला अडवणारी पोटकलमंही कायद्यात होती. पोटकलम असतं तिथे तसं करणारेही असतात, एवढं बोलून पुढे जातो.)

याची दुसरी बाजू कामगाराच्या अंगावर यायची. सूट ठरावीक वर्षांची, त्यामुळे सगळं काही तात्पुरतं. शेड पत्र्याची, माणसं ठेकेदाराची. बाबा एकाच शेडमध्ये, एकाच मशीनसमोर १४ वर्षं उभे राहिले. पण कागदावर त्यांनी चार जणांकडे नोकरी केली, कारण ठेकेदाराचं नाव दर तीन-चार वर्षांनी बदलायचं. नवं नाव, नवं कार्ड, नवी रुजू तारीख. ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागायची. पाच कधी भरलीच नाहीत. पाळी बारा तासांची. वरच्या तासांचा दुप्पट दर कारखाना कायद्यात १९४८ पासून होता, पगाराच्या पाकिटात तो आम्ही पाहिला नाही. बाबा यावर कधी चिडले नाहीत, ते एकदाच म्हणाले, "गिरणीत बदली होतो, इथे पण बदलीच, फक्त रोज बोलावतात."

आणि तरीही आम्ही उपाशी राहिलो नाही, मी शिकलो, बहिणीचं लग्न झालं. कशावर? इथे मला आईची वही मधे आणावी लागेल.

१९९१ च्या शिरगणतीत दादरा-नगरहवेलीत हजार पुरुषांमागे ९५२ बायका होत्या. २००१ मध्ये ८१२. २०११ मध्ये ७७४. पुस्तकात हा आकडा आला की लोक मुलींच्या प्रमाणावर भाषण सुरू करतात. आपल्याकडे त्यातला मोठा भाग वेगळा होता: गावाकडे बायको ठेवून आलेले जवान पुरुष. एका खोलीत सहा-आठ जण, दिवसपाळीवाले निघाले की रात्रपाळीवाले त्याच चटईवर. यांना जेवण कोण देणार? आईने पहिल्या वर्षी चार डबे सुरू केले, मग चौदा, मग कधी कधी तीस. पोळी-भाजी, वरण-भात, रविवारी अंडी. सुरुवातीला बिहारची मुलं आमच्या वरणातल्या आमसुलाला तोंड वाकडं करायची, वर्षभरात आमसूल कमी पडलं तर विचारायला लागली.

त्या वहीत सगळं अर्थशास्त्र होतं. कंपनीचा पगार व्हायचा सात ते दहा तारखेला. ठेकेदार पंधरापर्यंत लांबवायचा. म्हणजे मुलं महिनाभर उधारीवर जेवायची, आई किराणा उधारीवर आणायची, दुकानदार वापीच्या घाऊक व्यापाऱ्याकडून उधारीवर. ठेकेदाराने पगार पाच दिवस उशिरा दिला की ते पाच दिवस वरपासून खालपर्यंत सगळ्यांच्या वहीत सरकायचे. ठेकेदाराला बँकेचं व्याज वाचायचं, आम्ही सगळे मिळून त्याला बिनव्याजी कर्ज देत होतो. आईला हे कुणी शिकवलं नव्हतं. ती सरळ उशीर करणाऱ्या ठेकेदाराच्या मुलांचा डबा दोन रुपयांनी महाग लावायची. मी तेव्हा तिच्याशी भांडलो होतो, त्या मुलांचा काय दोष म्हणून. ती म्हणाली, "दोष नाही, पण पीठ मी कुठून आणू?"

कारखान्यातला पैसा गावात मुरायचा तो असा. नफा मुंबई-सुरतेला, पगारातला मोठा वाटा मनिऑर्डरने छपऱ्याला, गोरखपूरला, गंजामला. इथे राहायचं ते खोलीभाडं, डबा, किराणा, चहाची टपरी, रिक्षा, मोबाइलचं दुकान, आणि दारू. त्यातला सगळ्यात जाड तुकडा भाड्याचा. आमच्या पगारातला पाचवा हिस्सा भाड्यात जायचा.

आणि भाडं कुणाला जायचं, तर ज्याची जमीन रस्त्यालगत होती त्याला. आमचे घरमालक वारली. आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्यांच्या वडिलांना जमीनसुधारणेत मिळालेला तुकडा नेमका रस्त्याजवळ होता. काकांनी विकला नाही, आधी चार खोल्या काढल्या, मग आठ, मग बारा. त्यांच्या सख्ख्या चुलतभावाची जमीन एक-दीड किलोमीटर आत, ओढ्यापलीकडे. तो पुढे कारखान्यात हेल्पर लागला, पॅकिंगमध्ये, बाबांपेक्षा कमी पगारावर. दोघं एकाच अंगणात वाढलेले, दोघांचं शिक्षण सारखंच, म्हणजे नाहीच. फरक रस्त्याचा. आमच्या पाहण्यातल्या काही घरांनी रस्त्याजवळची जमीन सुरुवातीलाच, भाव कळायच्या आत, कधी कागदावर तर कधी तोंडी, दलालाच्या स्वाधीन केली होती. एन.ए. झालेल्या जमिनीचा भाव काय होतो हे त्यांना नंतर आपल्याच जुन्या शेतावर पहारेकरी म्हणून उभं राहिल्यावर कळलं. २००१ मध्ये इथली आदिवासी लोकसंख्या ६२ टक्के होती, २०११ मध्ये ५२. कुणी त्यांना हाकललं नाही. आपण येत राहिलो.

आपल्या मराठी मंडळात हा विषय निघाला की "आम्ही आलो म्हणून विकास झाला" असं कुणीतरी म्हणतंच. मला ते पटत नाही आणि "बाहेरच्यांनी लुटलं" हेही पटत नाही. बाबांनी काय लुटलं?

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि रेघ मालापुरती पुसली गेली. आता कर माल जिथे खपतो तिथला, आधी भरलेला वजा मिळतो, सूत वापीचं की सामरवरणीचं याने फरक पडत नाही. पत्त्याची किंमत संपली. वर सुताला सुरुवातीला १८ टक्के आणि कापडाला ५, त्यामुळे विणकराचे पैसे अडकायचे. त्या जुलैमध्ये सुरतेचा कापडबाजार बंद पडला होता, आठवतं? आमच्याकडे गोडाऊनमध्ये कार्टन छतापर्यंत लागले. ऑक्टोबरमध्ये सुतावर १२ केले तेव्हा जरा हालचाल सुरू झाली. जीएसटीच्या आठ महिने आधी नोटबंदीने ठेकेदारांची रोख पाकिटं अडकवली होती. आईच्या वहीत त्या वर्षातली पानं सगळ्यात मळकी आहेत.

ज्यांची शेड, मशीन, वीज, माणसं इथे होती ते टिकले. वीज अजून कामाला येते. पण नवा माणूस कराच्या कारणाने इथे यावा असं काही उरलं नाही. मशीनही बदलली, पूर्वी चार माणसं जे बघायची ते आता एक जण बघतो.

एका धंद्याची रेघ मात्र जशीच्या तशी आहे. दारू जीएसटीच्या बाहेर ठेवली आहे, आणि गुजरातेत १९६० पासून दारूबंदी. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी वापीकडून येणाऱ्या गाड्यांची रांग आणि रिसॉर्टचे दिवे काही कमी झाले नाहीत. पेशव्यांच्या भरपाईतून निघालेली ती सीमा आता बाटल्यांवर चालते. हसू येतं, पण काकांचा धाकटा मुलगा तिथेच वेटर आहे, तेव्हा जपून हसतो.

मग २०२०. २६ जानेवारीला दमण-दीवशी आपलं एकत्रीकरण झालं, आणि मार्चअखेर टाळेबंदी. काकांच्या बारापैकी दहा खोल्या महिन्याभरात रिकाम्या. मुलं रात्रीची भिलाडच्या बाजूने हायवेला लागली. जमीन हातात असलेला माणूस सुरक्षित असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. पण काकांनी शेवटच्या चार खोल्या कर्ज काढून बांधल्या होत्या, आणि हप्ता भाड्यातून जायचा. भाडं द्यायला पगार हवा, पगाराला कारखाना, कारखान्याला सुरतेचा बाजार. त्या उन्हाळ्यात ओढ्यापलीकडच्या चुलतभावाने त्यांच्याकडे दोन पोती भात पाठवला. त्याची शेती अजून शेतीच होती.

काका गेल्या पावसाळ्यात गेले. खोल्या आता सात भरलेल्या असतात. आईने डबे बंद करून बरीच वर्षं झाली, वही माझ्याकडे आहे. मागच्या पानांवर बुडालेल्या उधारीची नावं आहेत, त्यातल्या एकाने दोन वर्षांपूर्वी छपऱ्याहून फोन करून १८५ रुपये फोनपेवर पाठवले आणि आमसुलाच्या वरणाची कृती विचारली.

मसाट, पिपरिया, खडोलीला ज्यांच्या घरच्यांनी काम केलंय त्यांच्याकडे जुनी हजेरीकार्डं, पगाराची पाकिटं, भाड्याच्या पावत्या असतील तर फोटो टाका. विशेषतः १९७८ ते ८५ मधल्या. त्या काळातलं माझ्याकडे काहीच नाही.